एका रिंगचा दादा

माझा दादा किल्ल्या बनवतो. साठ ओलांडून तीन वर्षं झाली, तरी हात असा की कुलूप लांबून दाखवलं तरी किल्लीला दात किती लागतील ते हा सांगणार. सगळा बाजार त्याला 'मास्टर-की' म्हणायचा. पुढे लोकांना तेवढंही बोलायचा कंटाळा आला आणि त्याचं 'मास्तर' झालं. एकदा तर एक बाई आपल्या पोरीला गणिताच्या शिकवणीसाठी घेऊन आली आणि दुकानासमोर उभी राहिली. दादाने तिला 'मी तो मास्तर नव्हे' एवढंसुद्धा सांगितलं नाही. नुसती कानस घासत बसला. पाच मिनिटांनी बाईलाच काय ते कळलं आणि ती गेली.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक स्टूल, किल्ली कापायचं यंत्र, भिंतभर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि समोर शाळेतल्यासारखी एक पाटी, 'दहा मिनिटांत येतो'. पाटी बारा महिने लटकलेलीच. हा आत बसलेला असला तरी लटकलेली. मी विचारलं, "अरे, तू तर इथेच आहेस!" म्हणाला, "असू दे. माणसं उगाच बोलत बसत नाहीत."

आता बोला.

या माणसाचा अख्खा दिवस एका शब्दावाचून जायचा, हे मी नंतर स्वतः डोळ्यांनी पाहिलं. गिऱ्हाईक किल्ली पुढे करतं, हा मान हलवतो. किती वेळ लागेल म्हणून विचारलं तर घड्याळाकडे बोट. चहावाल्याला एक बोट, म्हणजे एक चहा. शेजारचा इस्त्रीवाला सकाळी हात वर करतो, हा पण करतो. संध्याकाळी त्याच जिन्याने वर घरी जायचं, दाराला दोन कुलपं लावायची आणि वर आतून कडी. झाला दिवस.

लग्न झालं होतं त्याचं. दीड वर्ष टिकलं. वहिनी वाईट नव्हती, आणि दादाही वाईट नव्हता. ती एकदा मला म्हणाली होती, "तुमच्या भावाशी भांडायची सुद्धा सोय नाही हो. भिंत निदान आवाज तरी परत करते." गेली तेव्हा घराची किल्ली टेबलावर ठेवून गेली. दादाने ती उचलून खिळ्याला अडकवली. सव्वीस वर्षं ती किल्ली त्या खिळ्यावर. बाजारात निम्म्या घरांच्या किल्ल्या याच्या हातच्या, आणि याच्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे, तर खिळ्याकडे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि मी? मी सख्खी बहीण. बसने चार तासांवर राहते. माझं घर म्हणजे बारा महिने बाजार. नवरा, मुलगा, सून, दोन नाती, आणि सगळ्यांना एकाच वेळी बोलायचं असतं. दादा दोनदा येऊन राहिला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पहाटे पिशवी उचलून पसार. म्हणाला, "तुझ्याकडे माणसं फार."

म्हणून मग आमचं ठरलं होतं. रविवारी सकाळी नऊला त्याने मला एक रिंग द्यायची. मी उचलायचं नाही. रिंग वाजली म्हणजे तो जिवंत. मी कट केली म्हणजे मी जिवंत. फोन महाग होते तेव्हाची ही रीत. मग फोन फुकटात होऊ लागले, पण आम्ही दोघं आपले तिथेच. अकरा वर्षं! घरात सगळे हसायचे. नऊला फोन वाजला की नाती ओरडायच्या, "आजी, एका रिंगचा दादा!" आणि मी ऐटीत सांगायचे, आमचं बहीणभावाचं असं आहे, आम्हाला शब्द लागत नाहीत.

शब्द लागत नाहीत! माझी मलाच आता चीड येते.

झालं असं, की सुनेने मला नवा फोन घेतला. काचेवरून बोट फिरवायचा. रविवारी सकाळी मी ती काच ओल्या फडक्याने पुसत होते, चष्मा डोळ्यांवर नव्हता, आणि नऊ वाजले. फोन वाजला. माझं बोट कुठे लागलं कोण जाणे, पलीकडून आवाज आला. आवाज कसला, लोखंडावर कानस ओढावी तसं काहीतरी. "कोण? काय झालं?" असं दोनदा खरखरलं. मी म्हटलं, "राँग नंबर," आणि ठेवून दिला.

मग चष्मा लावला. काचेवर लिहिलं होतं, दादा.

मी तिथेच खुर्चीत बसले. तो घाबरला होता. आमच्या रीतीत फोन उचलला म्हणजे काहीतरी झालं, म्हणून तो बिचारा विचारत होता, काय झालं. आणि मी सख्ख्या भावाला राँग नंबर म्हटलं. लगेच उलटा फोन लावला. त्याने कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. चार वेळा. रीतच तशी ना! त्याच्या मते मी चार वेळा जिवंत होते.

दुपारच्या बसने निघाले.

दार वाजवलं. एक कुलूप उघडलं, दुसरं उघडलं, मग कडी सरकल्याचा आवाज. दादा दारात. गळ्याभोवती मफलर, आणि गालफडं बसलेली. "तू?" म्हणाला. तोच आवाज, सकाळचा.

मी राँग नंबरचं काही बोलले नाही. तोही बोलला नाही. मी म्हटलं, "सहज आले. आवाजाला काय झालं?"

"आवाजाला? काय झालंय?"

त्याला माहीतच नव्हतं! अरे, कळणार कसं? आवाज बदलला हे आपलं आपल्याला नाही कळत, दुसऱ्याने सांगावं लागतं. मी खाली जाऊन इस्त्रीवाल्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "ताई, मास्तरांचा आवाज मी चार वर्षांत ऐकलाच नाही. मला काय माहीत बसलाय की उभा आहे?" चहावाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "ते मुके आहेत ना?"

मग हळूहळू निघालं. गिळताना दुखत होतं, म्हणून तो पाव दुधात बुडवून खात होता. कधीपासून? आठवत नव्हतं. थंडीतला स्वेटर काढून ठेवला तेव्हापासून असावं. मी बोटं मोजली. सात महिने.

दुसऱ्या दिवशी ओढतच इस्पितळात नेला. तिथे खिडकीवर एक कागद भरायला दिला. नाव, वय, व्यवसाय, आणि खाली एक रकाना, 'सोबत कोण?' दादाने लिहिलं, 'मी'. खिडकीतली बाई म्हणाली, "काका, सोबत कोण आहे ते लिहायचंय." हा म्हणतो, "तेच लिहिलंय." मी कागद हिसकावून घेतला, 'मी' खोडलं आणि 'बहीण' लिहिलं. इतकं जोरात की खालच्या कागदावर उमटलं.

आठवडाभर तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई माझ्या सुनेएवढ्या, पण बोलायला सरळ. स्वरयंत्रात कॅन्सर. वाढलेला. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं आणि विचारलं, "सिगारेट?"

"चाळीस वर्षं."

"आणि आवाज असा बसलेला, दुखतंय सात महिने. घरात कुणीच म्हणालं नाही, दाखवून या म्हणून?"

दादा म्हणाला, "म्हणायला होतं कोण? कुलूप?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, एकटं राहिल्याने ही गाठ झाली असं मी म्हणणार नाही, त्याला तुमच्या सिगारेटी आहेत. पण एकटी राहणारी, कुणात न मिसळणारी माणसं या आजारात जास्त दगावतात, हे अभ्यासांतही दिसतं आणि आम्ही इथे रोज पाहतो. ती उशिरा येतात. उपचार अर्धवट सोडतात. जेवली का, गोळी घेतली का, विचारायला कुणी नसतं. सुरुवातीलाच आला असतात तर कदाचित नुसत्या किरणांवर भागलं असतं. आता स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. आवाज जाईल."

दादाने विचारलं, "आणि नाही काढलं तर?"

"तर काही महिने."

हा माणूस उठला, चप्पल घातली आणि म्हणाला, "मग बायको लिहून द्या ना. दिवसातून दोनदा, जेवणानंतर." आणि बाहेर! मी डॉक्टरीणबाईंची माफी मागत मागत मागे धावले.

घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. ऑपरेशन नाही म्हणजे नाही. मी सगळं करून पाहिलं. रडले, रागावले, नातींची शपथ घातली. शेवटी म्हणाला, "आवाज नसला तर जगून काय करू?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "आवाज? वापरलास कधी? जन्मभर पेटीत घालून ठेवलास आणि आता नेणारा आला तर छाती बडवतोस? तोंडाला स्वतः कुलूप लावलंस ना? मग चोराने कुलूप नेलं म्हणून रडतोस कशाला?"

तो भिंतीशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मी बंद घरं उघडलीत. सात."

हे मला ठाऊक नव्हतं. कुणी एकटं माणूस दार उघडेनासं झालं की शेजारी ओरड करतात, पोलीस येतात, आणि पोलीस येताना किल्लीवाल्याला घेऊन येतात. तो माझा दादा. म्हणाला, "शेवटची एक शाळेतली बाई होती, रिटायर झालेली. नऊ दिवस आत होती. दाराशी नऊ पेपर. कुलूप मी मिनिटात उघडलं गं. पण बाईंनी आतून कडी लावली होती. कुलूप उघडता येतं, कडी फोडावी लागते. पोलिसांनी फोडली." पुढे म्हणाला, "त्या पलंगावरून उतरून दाराकडे निघाल्या होत्या. अर्ध्यात होत्या. हाक मारली असणार. मला निदान हाक तरी मारता आली पाहिजे."

"आणि हे पाहून तू घरी येऊन काय केलंस?"

"कडी बसवली."

"का?"

"मेल्यावर कुणी भसकन आत येऊ नये म्हणून."

बघा! अशा माणसाला काय म्हणावं? मी म्हटलं, "दादा, समज आज तू इथून हाक मारलीस. कोण ऐकेल?"

त्याने विचार केला. मनापासून केला, बोटं हलत होती. वरच्या मजल्यावरचे दिवसभर टीव्ही लावून असतात, शेजारची खोली रिकामी, इस्त्रीवाला खाली. मग उठला, खिळ्यावरची किल्ली काढली, सव्वीस वर्षांचा गंज कानशीने दोन मिनिटांत उडवला, तेलाचा थेंब सोडला आणि माझ्या हातावर ठेवली. "तुझ्याकडे ठेव," म्हणाला. "आणि त्या बाईंना सांग, काढा म्हणावं."

त्याच्या आवाजातलं मी ऐकलेलं हे जवळजवळ शेवटचं. ऑपरेशनच्या दिवशी ढकलगाडीवरून नेताना वॉर्डबॉयला "हळू, गाढवा" म्हणाला, ते खरं शेवटचं. मी सगळ्यांना सांगताना पहिलंच सांगते.

तीन महिने मी त्या खोलीत काढले. गळ्याचं भोक साफ करायचं, नळी धुवायची, भोकावर बांधायची फडकी उकळायची. पहिल्यांदा भोकातून खोकला आला तेव्हा दोघंही दचकलो, आणि मग मला असं हसू फुटलं की तोही खांदे हलवून बिनआवाजाचा हसायला लागला. दुकानावरची पाटी घरी आणली. अकरा वर्षं ज्याने मला एक शब्द दिला नाही, तो आता पाटीवर लिहून भांडायचा. मीठ कमी. दूध उतू गेलं. तुझं घोरणं बंद कर. जखम भरल्यावर तीस दिवस किरणं होती. नवव्या दिवशी गळा आतून सोलवटला तेव्हा पाटीवर 'बस' लिहून मोकळा झाला. मी दारात पाय पसरून बसले आणि म्हटलं, इस्पितळात यायचं नसेल तर या दारातून बाहेर पडायचं ते मला ओलांडून. दहाव्या दिवशी इस्त्रीवाला दुकान बंद करून आमच्याबरोबर आला. सगळे तीस झाले. एकटा असता तर दहावं किरण झालं नसतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

रोज संध्याकाळी तो उठून कडी मात्र लावायचा. मी आत, तो आत, तरी कडी. मी म्हणायचे, "आता कोण भसकन येणार आहे?" तो पाटी उचलायचासुद्धा नाही.

मी घरी परतले ते नवीन कायदा करून. रविवारी नऊला रिंग. आता मी उचलणार आणि बोलणार, तो ऐकणार. उत्तर किल्लीने टेबलावर टकटक. एकदा म्हणजे ठीक. दोनदा म्हणजे पुरे, ठेव. तीनदा म्हणजे ये. मी अर्धा-अर्धा तास बोलायचे. दोनदा टकटक केली तरी ऐकू न आल्यासारखं करायचे. इतक्या वर्षांची भरपाई होती, अशी दोन टकटकांत सोडते की काय! असे सोळा रविवार गेले.

सतराव्या रविवारी नऊ वाजले आणि फोन वाजला नाही.

सव्वानऊ झाले. मी लावला तर बंद. इस्त्रीवाल्याला लावला, तो सासुरवाडीला. मी किल्ली घेतली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी बस पकडली. नवरा मागून ओरडत होता, मी येतो, मी येतो. बसची वाट बघायला वेळ होता, पण त्याची वाट बघायला नव्हता. किल्ली मुठीत होती. अर्ध्या वाटेत डोक्यात लख्ख उजेड पडला, की किल्ली असून काय उपयोग? कडी! आतून कडी असणार. कुलूप उघडता येतं, कडी फोडावी लागते. हाक मारायला याच्याकडे आवाज नाही. आणि मी बावळट, तीन महिने त्या कडीची नुसती चेष्टा करत बसले. मी बसमध्ये सगळ्यांसमोर रडले. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली दिली आणि काही विचारलं नाही.

दोनच्या सुमाराला दारात पोचले. ठोठावलं. काही नाही. किल्ली आधी उलटीच घातली. पहिलं कुलूप उघडलं. दुसरं त्याच किल्लीने. मग मी खांदा लावून सगळ्या अंगाचा भार दारावर टाकला, कडी तुटली तर तुटली.

दार सरळ उघडलं आणि मी भसकन आत जाऊन पडले.

कडी नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला चार स्क्रूंची भोकं, त्यात भरलेली रंगाऱ्याची लांबी, वाळून पांढरी झालेली. आजची नव्हती ती, बऱ्याच दिवसांची.

दादा खिडकीशी पंख्याखाली बसला होता, कानात कापूस. दुकानातल्या यंत्राच्या आवाजाने कान दुखतात म्हणून हल्ली घालतो म्हणे, आणि घरी आल्यावर काढायला विसरतो. समोर पेपरवर त्याचा फोन, मागचं झाकण उघडं, बॅटरी वेगळी, सगळा भिजलेला. खाली कपड्यांची बादली. मला जे कळायचं ते कळलं. पहिलं मनात आलं ते हेच, की याला आता दोन कानफटात द्याव्यात.

त्याने माझ्याकडे पाहिलं. विस्कटलेले केस, चुकीच्या पायात चुकीची चप्पल. घड्याळाकडे पाहिलं. मग पाटी मांडीवर ओढली. मला वाटलं, फोन बादलीत पडला असं लिहील. नाही तर कशाला आलीस, असं.

त्याने लिहिलं आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

'राँग नंबर.'

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. इस्पितळात, ऑपरेशनच्या आधी, ती तीस किरणं, एका खोलीतले तीन महिने, मेल्याने एकदाही बोलून दाखवलं नाही. मी जमिनीवरून उठलेसुद्धा नाही. तिथेच बसून हसले आणि हसता हसता रडायलाच लागले, नाक-डोळे सगळं वाहायला लागलं. त्याने कानातला कापूस काढला.

मी म्हटलं, "दादा, तुझा आवाज मला ओळखू आला नाही रे. माफ कर."

त्याने खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर वाजवली. एकदाच.